मक्याचा जीव जमिनीखाली

परसबागेत मका लावणाऱ्याला एक कोडे हमखास पडते. उगवून आठवडाभर झालेले रोप सकाळी पाहावे तर गोगलगायीने पार जमिनीलगत खाल्लेले असते. रोप गेले असे समजून आपण तिथे दुसरे बी टोचतो. चार-सहा दिवसांनी पाहावे तर त्याच बुडख्यातून नवे पान वर आलेले असते. याउलट महिनाभराचे, गुडघ्याला लागणारे, सगळी पाने शाबूत असलेले रोप असते आणि एक दिवस त्याचे फक्त मधले पान सुकते. हलके ओढले तरी ते हातात येते. ते रोप मग कितीही पाणी घाला, खत घाला, वर येत नाही.

पहिल्याचे सगळे गेले तरी ते जगले आणि दुसऱ्याचे एकच पान गेले तरी ते संपले. या दोन्हींचे उत्तर एकाच जागी आहे, आणि ती जागा कळली की मक्याचे रोप कधी, कुठे आणि कशापासून जपायचे हे आपोआप उलगडते. नाशिक जिल्ह्यात येवला, मालेगाव, नांदगाव, चांदवड, बागलाण या भागांत खरिपाचा मका मोठ्या प्रमाणावर होतो, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला हे अंगवळणी पडलेले आहे. गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरात बंगल्याच्या मागे नाहीतर गच्चीवर चार वाफे करणाऱ्याला मात्र हे कुणी सांगत नाही.

उभा छेद घेऊन पाहा

दाट उगवलेल्यातले एखादे रोप विरळणी करताना उपटावेच लागते. ते फेकण्याआधी मुळासकट धुऊन घ्या आणि धारदार चाकूने बुडापासून वरपर्यंत उभे चिरा. वरून जे खोड वाटत होते, ते खोड नसतेच. एकमेकांत गुंडाळलेली पाने असतात, अगदी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. कांद्याचे खरे खोड म्हणजे तळाची, मुळ्या फुटतात ती पातळ चकती, बाकी सगळे पापुद्रे. मक्याच्या कोवळ्या रोपातही खरे खोड तळाशी असते, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, आणि त्याच्या टोकावर पांढुरका, टोकदार, भिंग लावले तरच नीट दिसेल असा एक बिंदू असतो. नवे प्रत्येक पान तिथूनच जन्मते. याला वाढबिंदू म्हणतात. रोपाचा जीव इथे आहे.

हा बिंदू उगवणीनंतर साधारण तीन आठवडे जमिनीखालीच राहतो. वरची पाने गोगलगायीने खाल्ली, गारांनी फाटली, शेळीने ओरबाडली, तरी खाली कारखाना चालूच असतो आणि तो नवी पाने वर ढकलत राहतो. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीत द्राक्षबागांचे काय झाले हे नाशिककर विसरलेला नाही. तशा गारांत तीन-चार पानांचा मका सापडला तर तो फाटतो, चिंध्या होतो, पण बहुतेक वेळा उठतो.

मग खोडाची पेरे लांबायला लागतात. पाच-सहा पाने पूर्ण उघडली की वाढबिंदू जमिनीच्या वर सरकतो. पान पूर्ण उघडले हे कसे ओळखायचे? पाते जिथे खोडाला वेढणाऱ्या भागाला मिळते तिथे एक फिकट पट्टी दिसू लागते. ती दिसली की ते पान मोजायचे. मधल्या गुंडाळीतून, म्हणजे पोंग्यातून, नुसती डोकावणारी पाने मोजायची नाहीत. अशी सहा पाने झाली की रोपाचे संरक्षण संपले. आता जीव उघड्यावर आहे, आणि खोडात किंवा पोंग्यात शिरणारी अळी थेट त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. मधले पान सुकून हातात येते ते यामुळेच: अळीने त्याचे बूड आणि त्याखालचा वाढबिंदू खाल्लेला असतो. याला पोंगेमर म्हणतात.

बी किती खोल

मक्याचे बी किती खोल टोचावे यावर घरोघरी वेगवेगळी मते असतात. बरेच जण वरवर टोचतात, लवकर उगवते म्हणून. माझे स्पष्ट मत आहे की ही परसबागेतली सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

बी रुजले की आधी मूळ फुटते, मग कोंब. कोंबाभोवती एक टोकदार आवरण असते आणि त्याच्या खाली, बी आणि आवरण यांच्यामध्ये, एक नाजूक पांढरी दांडी. ही दांडी लांबत जाते आणि कोंबाला वर ढकलते. ती थांबते केव्हा? कोंबाच्या टोकाला उजेड लागला की. मातीच्या फटीतून उजेड पोहोचला की दांडीची वाढ थांबते, आवरण फुटते आणि पहिले पान बाहेर येते. यामुळे एक फार सुंदर गोष्ट घडते. बी 4 सेंटीमीटरवर असो की 6 वर, पुढची पक्की मुळे जिथून फुटणार ती जागा आणि तिच्या वरचा वाढबिंदू जमिनीखाली साधारण 2 सेंटीमीटरवरच स्थिरावतात.

बीच जर 2 सेंटीमीटरवर टोचले तर मात्र रोपाला खाली मोकळी जागाच उरत नाही. मुळे वरच्या थरात राहतात. काळी माती उन्हात भेगाळली की हाच थर आधी सुकतो, आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात रोप आडवे होते. म्हणून जमिनीत 4 ते 5 सेंटीमीटर खोली योग्य. स्वीट कॉर्नला थोडी सूट द्यावी, साधारण 3 सेंटीमीटर. त्याचे बी सुरकुतलेले असते, पिष्ट कमी, म्हणजे अंधारातल्या प्रवासाची शिदोरीही कमी. त्याला माती उबदार आणि भुसभुशीत हवी, आणि पेरल्यानंतर वर पपडी धरू देऊ नये.

बाजारातले संकरित बियाणे बहुधा गुलाबी, हिरवे किंवा निळसर रंगवलेले येते. ते औषध लावल्याची खूण आहे. टोचल्यावर हात साबणाने धुवावेत, उरलेले बी मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि पाखरांना तर टाकूच नये.

पाखरे बियासाठी येतात

साळुंक्या, कावळे, कबुतरे आणि शहराच्या कडेला मोर मक्याचे कोवळे रोप उपटतात. पान खाण्यात त्यांना फारसा रस नसतो. त्यांना खालचे बी हवे असते. पाऊस पडून माती मऊ झाली की कोंब धरून ओढला तरी बी अलगद वर येते. खारी तर कोंबाशेजारी उकरून बी काढून नेतात आणि कोंब तसाच आडवा टाकून जातात. वाफ्यात सकाळी असे आडवे पडलेले हिरवे कोंब दिसले, की रात्रीच्या अळीआधी दिवसाच्या खारीवर संशय घ्यावा.

हा धोका फार दिवसांचा नसतो. तीन पाने होईपर्यंत बियातले अन्न बहुतेक संपते आणि पक्की मुळे रोपाला धरू लागतात. पाखराला आता तिथे मिळण्यासारखे काही राहत नाही. म्हणजे पेरणीपासून साधारण दोन आठवडे झाकण पुरेसे. नाशिकमध्ये यासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे द्राक्षाचे किंवा टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट. ते वाफ्यावर पालथे घालावेत आणि वर वीट ठेवावी. जाळीतून ऊन, पाणी, हवा सगळे आत जाते. कोंब क्रेटच्या वरच्या जाळीला टेकायच्या आधी क्रेट काढावेत, नाहीतर पाने जाळीत अडकून मुडपतात.

रात्री फिरणारे

पावसाळ्यात गोगलगायी येतात. त्यांची खूण म्हणजे पानावर आणि मातीवर वाळलेला चकचकीत माग. रात्री ओले गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरून त्याखाली पपईची पाने किंवा गुळाचे पाणी शिंपडलेला कोबीचा पाला ठेवला, तर पहाटे त्या त्याखाली गोळा झालेल्या सापडतात. हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ मात्र वाफ्यात टाकू नये. गोगलगाय मरेल, पण मातीही बिघडेल.

दुसरी, रोप कुरतडणारी अळी. ती दिवसा मातीत वेटोळे करून पडून असते आणि रात्री रोप जमिनीलगत कापते. नुकतेच कापलेले रोप दिसले तर त्याभोवतीची दोन इंच माती बोटाने उकरा. राखाडी-तपकिरी, स्पर्श होताच गुंडाळणारी अळी बहुतेक वेळा तिथेच मिळते. कागदी पेल्याचे बूड कापून तो रोपाभोवती अर्धा मातीत दाबला तर ती बुंध्यापर्यंत पोहोचू शकत नाही. वाढबिंदू खाली असल्यामुळे कापलेली बरीच रोपे पुन्हा फुटतात, म्हणून लगेच उपटून टाकू नयेत. आठवडाभर वाट पाहावी.

या वयात किडीइतकाच घातक असतो तुंबलेला निचरा. जीव जमिनीखाली आहे, म्हणजेच पाणी साचले की तोही पाण्याखाली जातो. उबदार पावसाळी हवेत वाफा दोन-चार दिवस पाण्यात राहिला तर वाढबिंदू गुदमरतो. म्हणून खरिपात मका सपाट वाफ्यात न लावता उंच सरीवर किंवा गादीवाफ्यावर लावावा. आणि ग्रो-बॅग वापरत असाल तर तिची तळाची भोके मातीने बुजलेली नाहीत ना, हे पहिल्या मोठ्या पावसात हात घालून पाहावे.

पोंग्यातली लष्करी अळी

आता खऱ्या शत्रूकडे. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा नोंदवली गेली ती 2018 मध्ये, कर्नाटकातल्या शिवमोग्गा परिसरात. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात सापडली आणि 2019 च्या खरिपापर्यंत महाराष्ट्रभर पसरली. तिचा पतंग एका रात्रीत 100 किलोमीटरपर्यंत उडू शकतो, तेव्हा गच्ची चौथ्या मजल्यावर आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे शहराच्या वेशीपासूनच मक्याची शेते सुरू होतात, परसबागेत ती आली नाही तरच नवल.

मादी पानावर एका पुंजक्यात 100 ते 200 अंडी घालते आणि त्यावर आपल्या अंगावरचा करडा लोकरीसारखा थर पसरते. उष्ण हवेत दोन-तीन दिवसांत ती उबतात. केसाएवढ्या अळ्या आधी पानाचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पानावर पारदर्शक, पापुद्र्यासारखे डाग दिसतात. मग त्या रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्याने शेजारच्या रोपांवर पसरतात आणि पोंग्यात उतरतात.

पोंगा म्हणजे मधली, अजून न उलगडलेली गुंडाळी. अळी दिवसा तिच्यात खोल बसते आणि संध्याकाळनंतर खाते. तिने गुंडाळीला एकदा आरपार छिद्र पाडले की ते छिद्र गुंडाळीच्या सगळ्या पदरांना पडते. चार दिवसांनी पान उलगडते तेव्हा आपल्याला पानाच्या रुंदीवर एका ओळीत चार-पाच छिद्रे दिसतात, आणि ही इतकी शिस्तीत कशी पडली असे नवल वाटते. खोडकिडीमुळेही अशाच ओळी दिसतात. मात्र पोंग्याच्या तोंडाशी लाकडाचा भुसा साचल्यासारखी ओली, पिवळट-तपकिरी विष्ठा भरपूर दिसली, तर ती लष्करी अळीच. खात्री करायची असेल तर तिला काढून तळहातावर घ्या. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख.

मोठ्या झालेल्या अळ्या एकमेकींना खातात. त्यामुळे एका पोंग्यात शेवटी एक किंवा दोनच उरतात, आणि परसबागेसाठी हीच मोठी सोय आहे. वीस-पंचवीस रोपांची बाग असेल तर कुठल्याही विषारी फवारणीची गरज नाही. तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन प्रत्येक पोंग्यात डोकवायचे. विष्ठा दिसली की पातळ चिमट्याने अळी काढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. अंड्यांचा पुंजका दिसला तर बोटांनी चिरडायचा. आठवड्यातून दोनदा हे केले तर पुरते. पण ते उगवणीपासून तुरा येईपर्यंत सुटता कामा नये.

पोंग्यात चिमूटभर बारीक कोरडी वाळू किंवा माती टाकण्याची पद्धत आफ्रिकेतल्या आणि मध्य अमेरिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांनी वापरून पाहिलेली आहे. खरखरीत कणांनी अळीची नाजूक कातडी ओरखडली जाते आणि तिची बसायची जागाही भरते. आपल्याकडे वाळूच्या नऊ भागांत चुन्याचा एक भाग मिसळायलाही सांगतात. घरच्या बागेत मला नुसती वाळू बरी वाटते. चुन्याचे प्रमाण थोडे चुकले तरी कोवळी पाने भाजतात.

चौकट : 5 टक्के निंबोळी अर्क, घरच्या बागेपुरता
वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटून 50 ग्रॅम भुकटी घ्यावी. फडक्यात पुरचुंडी बांधून ती थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी पुरचुंडी पिळून दुधाळ पाणी काढावे, ते एक लिटर करावे आणि त्यात थोडेसे साबणाचे पाणी मिसळावे, म्हणजे ते पानाला धरते. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात निंबोळीतले द्रव्य लवकर निकामी होते. नोझल पोंग्यातच रोखावे. वरच्या पानांवर शिंपडून उपयोग नाही. हे अंडी आणि लहान अळ्या असतानाच कामाचे. बोटाच्या दोन पेरांएवढी अळी झाली की चिमटाच बरा. अर्क त्याच दिवशी संपवावा.

रोप स्वतःही लढते

मक्याचे कोवळे रोप बिचारे असते असे समजू नका. उगवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्याच्या पानांत एक कडवट संरक्षक द्रव्य भरपूर असते. शास्त्रज्ञ त्याला डिंबोआ म्हणतात. पेशी फुटली की ते मोकळे होते आणि बऱ्याच किडींचे पचन बिघडवते. रोप मोठे होते तसे त्याचे प्रमाण घटत जाते. लष्करी अळीने मात्र या विषाचा काटा काढला आहे: ती आपल्या आतड्यात त्याला साखरेचा एक रेणू जोडते आणि ते निरुपद्रवी करून टाकते. एवढी खादाड अळी मक्यावर का पोसते याचे एक कारण हे.

पण रोपाकडे दुसरा उपाय आहे. 1990 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अळीने कुरतडलेले मक्याचे रोप काही तासांनी एक विशिष्ट वास सोडते. पान नुसते ब्लेडने कापले तर तो वास जवळजवळ येत नाही. त्याच कापावर अळीच्या तोंडातला द्रव लावला तर येतो. हा वास ओळखून बारीक गांधीलमाश्या रोपाकडे येतात आणि अळीच्या अंगात आपली अंडी घालतात. त्यांची पिल्ले अळीला आतून खातात. म्हणजे रोप अळीच्या लाळेवरून हल्ला ओळखते आणि तिच्या शत्रूला बोलावते. मला वनस्पतिशास्त्रातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते, आणि ती आपल्या परसात, चार फुटांच्या वाफ्यात रोज घडत असते.

सरसकट मारणारी कीटकनाशके परसबागेत वापरू नयेत याचे हेच कारण. अळी पोंग्यात लपून वाचते आणि उघड्यावर फिरणारी गांधीलमाशी आधी मरते. या माश्यांना पोट भरायला मध लागतो. मक्याच्या कडेने थोडी कोथिंबीर आणि शेपू फुलावर येऊ द्यावा. त्यांची बारीक, उघडी फुले या माश्यांच्या तोंडाला नेमकी सोयीची असतात.

पानांचे रंग

सगळीच लक्षणे किडीची नसतात. नाशिकची थंडी, विशेषतः निफाडकडची, सर्वांना माहीत आहे. तिथे काही हिवाळ्यांत पारा 5 अंशांच्या खाली जातो. नोव्हेंबरच्या अखेरीला किंवा डिसेंबरात टोचलेला मका आधी उगवायलाच रडतो, कारण माती 10 अंशांच्या खाली गेली तर बी जागे होत नाही. उगवला तर पाने कडेने जांभळी होतात. मातीत स्फुरद असते, पण थंडीत मुळांची वाढ आणि शोषण मंदावते, म्हणून ते रोपापर्यंत पोहोचत नाही. पानात साखर साचते आणि जांभळा रंग चढतो. अशा वेळी खत ओतून उपयोग नाही. ऊन तापले की बहुतेक रोपे आपोआप हिरवी होतात. थंडी उतरल्यावर, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत लावणे त्यापेक्षा शहाणपणाचे.

कोवळ्या पानाच्या बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट रुंद पट्टे दिसले तर जस्त कमी पडले आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही, आणि मका याबाबत फार हळवा. शेणखत भरपूर घातलेल्या वाफ्यात ही तक्रार कमी दिसते. खालची, जुनी पाने टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी पडत गेली तर नत्र हवे.

सहाव्या पानापाशी

वाढबिंदू जमिनीवर येतो त्याच सुमारास त्याच्या पोटात बरेच काही ठरलेले असते. पुढे येणारी सगळी पाने, तुरा, कणसांचे कोंब, सगळ्यांची सुरुवात तोवर झालेली असते. त्यानंतर लगेच कणसावर दाण्यांच्या किती ओळी येणार हे ठरते. कुठलेही कणीस सोलून ओळी मोजा: बारा, चौदा, सोळा, अठरा, जवळजवळ नेहमी समच, कारण दाण्यांच्या कळ्या जोडीजोडीने येतात. गुडघ्याएवढ्या रोपाला पाण्याचा ताण बसला किंवा तणाने गाठले, तर त्याची किंमत दोन महिन्यांनी कणसात दिसते. तेव्हा कितीही खत दिले तरी ओळी वाढत नाहीत.

म्हणून सहा पाने झाली की दोन कामे एकाच दिवशी उरकावीत. तण काढून नत्राचा दुसरा हप्ता द्यावा. घरी असेल तर मूठभर गांडूळखत बुंध्यापासून चार बोटे दूर. आणि दोन्ही बाजूंची माती ओढून बुंध्याला भर लावावी. जमिनीवरच्या पेरांतून पुढे जाड आधारमुळे फुटतात, ती या भरीत शिरली की श्रावणातल्या वाऱ्यात ताट उभे राहते. भर लावताना पोंग्यात माती पडणार नाही इतपतच उंच ओढावी.

रोपे एका लांब ओळीत न लावता चौकोनात लावावीत, दोन ओळींत 60 आणि दोन रोपांत 20 सेंटीमीटर ठेवून निदान चार ओळी. तुऱ्याचे परागकण वाऱ्याने पडतात आणि कणसाच्या प्रत्येक केसाला एक कण मिळाला तरच त्या केसाचा दाणा भरतो. एका ओळीतल्या मक्याचे बहुतेक पराग शेजारच्याच्या अंगणात जातात. गच्चीवर जागा कमी असेल तर ग्रो-बॅग एकमेकींना चिकटवून चौकोन करावा, आणि तुरा आल्यावर सकाळी दव ओसरले की ताटे हाताने हलकेच हलवावीत.